मेंदूच्या रक्ताशी खेळू नकोस

‘मॅडम, गांजा नैसर्गिक असतो,’ हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा उच्चारू नकोस. धोतरा नैसर्गिक आहे, कण्हेरही नैसर्गिक आहे, आणि ते पोटात गेल्यावर काय होतं हे खेड्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. न शिकलेल्या माणसाने हे म्हटलं असतं, तर मी शांतपणे समजावून सांगितलं असतं. तू फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहेस, न्यूरोच्या वॉर्डात पोस्टिंग करतोस, लकव्याच्या रोग्यांचे हातपाय रोज हातात घेतोस. तुला समजावणार नाही. तुझी कानउघाडणी करणार आहे, आणि ती तू शेवटपर्यंत ऐकून घेणार आहेस.

मला सगळं उशिरा कळलं असं समजू नकोस. लाल डोळे, खिशातली डोळ्यांच्या थेंबांची बाटली, अपुरं जर्नल, सकाळच्या तासाला मागच्या बाकावर टेकलेलं डोकं, हे गेले कित्येक महिने पाहते आहे. परवाच्या व्हायवात मिडल सेरेब्रल आर्टरी कुठल्या भागाला रक्त पुरवते, एवढंच विचारलं होतं. सुरुवात बरोबर केलीस. अर्ध्यावर थांबलास, छताकडे पाहिलंस आणि मला विचारलंस, ‘मॅडम, प्रश्न काय होता?’ पहिल्या वर्षी हाच मुलगा पाठ्यपुस्तकातली आकृती फळ्यावर न बघता काढायचा. म्हणून आज त्याच धमनीबद्दल बोलायचं आहे.

मेंदूचं वजन साधारण चौदाशे ग्रॅम, शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के. पण हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं, त्यातलं सुमारे १५ टक्के एकटा मेंदू घेतो, आणि शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी २० टक्के तोच खर्च करतो. दर शंभर ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त लागतं. ते २० च्या खाली गेलं की पेशी काम थांबवतात, १० च्या खाली गेलं की मरायला लागतात. मेंदूजवळ साठा नसतो. यकृतासारखं काही बाजूला ठेवून तो नंतर वापरत नाही. रक्त पूर्ण थांबलं तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते. मोठी धमनी बंद पडली तर उपचार होईपर्यंत दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात. हे सगळं तुला शिकवलेलं आहे आणि तू ते पेपरात लिहून मार्क मिळवलेले आहेत. मग गच्चीवर बसून चिलीम तोंडाला लावताना हे कुठे जातं?

आता त्या कशाबरोबर आत काय जातं ते ऐक. गांज्यातलं नशा आणणारं मुख्य द्रव्य टीएचसी. इस्राएलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये ते वेगळं काढून त्याची रचना सांगितली. ते शरीरात ज्या ग्राहींना चिकटतं, त्यांतला सीबी-१ हा ग्राही चेतापेशींवर तर आहेच, रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही आहे. म्हणजे तू ज्याला ‘डोक्याला शांत करणं’ म्हणतोस, ते डोक्यापर्यंत रक्त नेणाऱ्या नळ्यांनाही हात घालतं. कश घेतल्यावर काही मिनिटांतच हृदयाचे ठोके वाढतात. बसलेला माणूस एकदम उभा राहिला तर रक्तदाब कोसळून डोळ्यांपुढे अंधारी येते. गच्चीवरून खाली उतरताना तुझ्या मित्राला जिन्यात भोवळ आली, ती ‘जागरणामुळे’ आली नव्हती. मेंदूकडे जाणारं रक्त त्या क्षणी कमी पडलं होतं. बोस्टनच्या संशोधकांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्यांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. गांजा ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात झटक्याचा धोका सुमारे पावणेपाच पट वाढलेला त्यांना आढळला.

आणि धूर? ‘मी सिगारेट ओढत नाही, मॅडम’ असं मला अभिमानाने सांगितलंस. कश खोल ओढून छातीत कोंडून धरायचा, ही तुमची पद्धत. तशी ओढल्यावर रक्तातल्या हिमोग्लोबिनवर बसणारा कार्बन मोनॉक्साइड सिगारेटच्या मानाने जवळजवळ पाच पट वाढतो, हे १९८८ सालीच मोजलं गेलं आहे. ज्या हिमोग्लोबिनने मेंदूला प्राणवायू पोचवायचा, त्याची जागा तू धुराने अडवतोस. शिवाय तुमच्या जॉइंटमध्ये तंबाखू कुस्करून मिसळलेली असते, ती वेगळीच.

हे झालं तात्पुरतं. तू म्हणशील, उतरली की सगळं पूर्ववत. वर्षानुवर्षं ओढणाऱ्याच्या रक्तवाहिन्या पूर्ववत होतात का, हाच खरा प्रश्न आहे, आणि तो मोजून पाहिलेला आहे.

अमेरिकेत बाल्टिमोरला तिथल्या राष्ट्रीय व्यसन संशोधन संस्थेत रोनाल्ड हर्निंग, जाँ लुद कादे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केलं. ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात ते २००५ मध्ये छापून आलं. गांजा ओढणारे ५४ जण आणि न ओढणारे १८ जण घेतले. ओढणाऱ्यांना महिनाभर संस्थेत ठेवलं, गांजा पूर्ण बंद. आल्यावर तीन दिवसांच्या आत एकदा आणि साधारण महिना संपताना पुन्हा एकदा त्यांच्या मेंदूतल्या धमन्यांची ट्रान्सक्रॅनियल डॉपलरने तपासणी केली.

ही तपासणी तू वॉर्डात पाहिलेली आहेस. कानाच्या पुढे, डोळ्याच्या मागे, कानशिलाचं हाड जिथे सगळ्यात पातळ असतं तिथे जेल लावतात आणि पेन्सिलीएवढा प्रोब टेकवतात. तंत्रज्ञ मनगट किंचित वळवत राहतो, आणि एका कोनाला यंत्रातून सूं-सूं असा आवाज सुरू होतो. ते तुझं रक्त. पडद्यावर लाट उमटते. हृदय आकुंचन पावलं की टोक वर जातं, दोन ठोक्यांच्या मध्ये उतार लागतो. निरोगी मेंदूत हा उतार फार खाली जात नाही, कारण मेंदूला ठोक्यांच्या मधल्या वेळेतही रक्त हवं असतं. पुढच्या बारीक वाहिन्या आवळलेल्या असल्या की टोक उंच होतं आणि मधला प्रवाह खाली बसतो. गल्लीतली पाइपलाइन आतून गंजून अरुंद झाली की शेवटच्या घराच्या नळाला पाणी गचके देत येतं, तसं. टोक आणि तळ यांतल्या फरकाला सरासरी वेगाने भागलं की जो आकडा येतो, तो पल्सॅटिलिटी इंडेक्स. आकडा जास्त म्हणजे पुढे अडथळा जास्त.

बाल्टिमोरच्या गांजा ओढणाऱ्यांत हा आकडा न ओढणाऱ्यांपेक्षा वाढलेला निघाला. त्यांत म्हातारं कोणी नव्हतं, बहुतेक तुझ्यापेक्षा थोडीच मोठी पोरं होती. तरीही सगळ्यात जास्त ओढणाऱ्यांचा आकडा उच्च रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या जुन्या रोग्यांच्याही वर गेला होता. आणि नीट ऐक, वाढ फक्त अट्टल ओढणाऱ्यांत नव्हती. आठवड्याला २ ते १५ जॉइंट ओढणारे ‘हलके’ म्हणून धरले होते. त्यांच्याही धमन्यांत ती होती.

आता महिन्यानंतरची तपासणी. हलके ओढणारे आणि आठवड्याला १७ ते ७० ओढणारे मध्यम, या दोन गटांत सुधारणा दिसू लागली. आठवड्याला ७८ ते ३५० ओढणाऱ्या तिसऱ्या गटात महिनाभर एकही कश न घेता काही फरक पडला नाही. रक्तातून नशा कधीच उतरली होती. वाहिन्यांतला अडथळा तिथेच होता.

माझं सगळं बोलणं या एका निकालावर उभं आहे. तू आज पहिल्या गटात आहेस. मला खोटं सांगत असशील तर दुसऱ्या. तुझ्या धमन्या अजून सुधारू शकतील अशा टप्प्यावर आहेत. तिसऱ्या गटातला कोणीही पहिल्याच दिवशी त्या गटात जाऊन बसला नव्हता. शनिवारचा जॉइंट बुधवारीही लागायला लागला, बुधवारचा रोजचा झाला, रोजचा सकाळी उठल्या उठल्या लागायला लागला. तू आत्ता कुठे उभा आहेस, हे तुझ्या रूममेटला विचार.

‘मॅडम, ५४ जणांवरून काय सिद्ध होतं?’ हा प्रश्न तू विचारणार, आणि विचारलाच पाहिजेस, मीच तसं शिकवलं आहे. बरोबर आहे. छोटा अभ्यास आहे, आणि त्यातल्या लोकांच्या आयुष्यात गांज्याखेरीज इतरही गोष्टी होत्या. मेंदूत सगळीकडे एकच परिणाम होतो असंही नाही. ओढल्यावर काही भागांत रक्तप्रवाह वाढतो, काही भागांत घटतो. पण शंका ही पुढचं वाचण्यासाठी असते. पुढचं न वाचता तीच शंका चिलमीला आडोसा म्हणून वापरायची, हा लबाडपणा आहे.

पुढचं मी वाचलं आहे. फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गच्या डॉक्टरांनी ४५ वर्षांखालच्या, मेंदूत रक्तपुरवठा अडून झटका आलेल्या ४८ तरुण रोग्यांची एकामागून एक कसून तपासणी केली. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या दहा जणांच्या कवटीतल्या धमन्या एका ठिकाणी नाही, अनेक ठिकाणी आवळलेल्या सापडल्या, आणि त्या दहाही जणांत गांजाचा संबंध निघाला. पुढे अमेरिकेत ४ लाख ३० हजारांहून जास्त प्रौढांच्या माहितीवरचा अभ्यास २०२४ मध्ये आला. रोज गांजा घेणाऱ्यांत मेंदूच्या झटक्याची शक्यता ४२ टक्क्यांनी आणि हृदयाच्या झटक्याची २५ टक्क्यांनी जास्त आढळली. कधीच सिगारेट न ओढलेल्यांना वेगळं काढून पाहिलं, तरी संबंध राहिलाच. चोपन्न कमी वाटत होते ना? आता चार लाख पुरेत?

आता वॉर्डात चल. खिडकीजवळच्या कॉटवरच्या काकांचा उजवा हात तू रोज उघडतोस. मूठ घट्ट मिटलेली असते. आधी मनगट खाली वाकवून सैल करायचं, मग करंगळीपासून एकेक बोट सोडवायचं, आणि आत वळलेला अंगठा मुळाशी धरून बाहेर काढायचा. तळहाताच्या घडीत घाम साचून वास येतो, तो काकू ओल्या फडक्याने पुसतात. मग तू लाकडी खुंटी त्यांच्या बोटांत देतोस आणि म्हणतोस, ‘काका, भोकात घाला.’ खुंटी पडते. तू उचलून देतोस. पुन्हा पडते. परवा एक खुंटी बसली, तेव्हा त्यांच्या वाकड्या झालेल्या तोंडावर हसू आलं आणि तुझ्याही. ते मी दारातून पाहत होते. तू चांगला फिजिओथेरपिस्ट होणार आहेस, हे मला तेव्हा पुन्हा पटलं.

काकांचा गांजाशी काही संबंध नाही. त्यांना बीपी होतं आणि गोळ्या घ्यायला ते कंटाळा करायचे. पण त्यांची जी धमनी बंद पडली, ती मिडल सेरेब्रलच. बाल्टिमोरला प्रोब लावून तपासलेल्या धमन्यांतही मिडल सेरेब्रल होती. त्या माणसाने बीपीची गोळी टाळली म्हणून तू त्याला रागावतोस, आणि संध्याकाळी गच्चीवर जाऊन आपल्या हाताने त्याच धमनीवर घाव घालतोस. रोग्याला एक सांगायचं आणि स्वतः दुसरं करायचं, याला आपल्या धंद्यात जागा नाही. तो हात धरताना तुझ्या बोटांना माल चुरल्याचा वास येत असेल, तर त्या हाताने रोग्याला शिवू नकोस.

तुझ्या बाकीच्या सबबीही संपवून टाकते.

अमेरिकेत कायदेशीर आहे, म्हणालास. आहे, कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ मध्ये कौल दिला, पुढे बरीच राज्यं मागून गेली. ते चार लाखांचे आकडे त्याच देशातून आले आहेत. तंबाखू तर आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर कायदेशीर मिळते. कायद्याने मुभा दिली म्हणून धमनी रुंद होत नाही. शिवाय त्याच देशात पकडल्या गेलेल्या मालात टीएचसीचं सरासरी प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होतं, ते २०१४ पर्यंत १२ टक्क्यांच्या आसपास गेलं. तुझ्या पुडीत किती आहे, हे तुलाही माहीत नाही आणि विकणाऱ्यालाही नाही.

औषध आहे, म्हणालास. या झाडातल्या सीबीडी नावाच्या, नशा न आणणाऱ्या घटकापासून शुद्ध केलेलं औषध फेफऱ्याच्या काही दुर्मिळ आजारांसाठी अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. ते वजन बघून, मिलिग्रॅममध्ये, डॉक्टरच्या देखरेखीखाली देतात. अफूपासून मॉर्फिन होतं म्हणून कोणी अफू चघळत वर्गात बसत नाही.

महादेवाचा प्रसाद आहे, म्हणालास. देवाला मध्ये आणू नकोस. शिवरात्रीला घोटभर भांग घेणारा आजोबा आणि रोज रात्री चार जणांत चिलीम फिरवणारा तू, यांची सांगड घालू नकोस.

मार्क कमी झाले नाहीत, म्हणालास. मार्क उशिरा कमी होतात. न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन शहरात जन्मलेल्या १,०३७ मुलांचा पाठपुरावा वयाच्या ३८ व्या वर्षापर्यंत करून त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये मांडले गेले. कुमारवयात सुरुवात करून वर्षानुवर्षं ओढत राहिलेल्यांचा बुद्ध्यंक सरासरी ८ गुणांपर्यंत घसरला होता, आणि मोठेपणी सोडल्यावरही तो पूर्ण भरून आला नाही. त्यावर पुढे वाद झाले, तेही वाच. पण तुझ्या व्हायवातलं ते अर्धं वाक्य मी स्वतः ऐकलं आहे. त्यावर वाद घालू नकोस.

तुझ्या मित्रांनाही दोन शब्द. जॉइंट वळून देणारा, पैसे गोळा करणारा, जिन्यात पहारा देणारा आणि ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून कानाडोळा करणारा, हे चौघेही मला माहीत आहेत. मित्राला चक्कर आली तेव्हा तोंडावर पाणी मारून त्याला झोपवून टाकलंत. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला तर काय करायचं, हे फिजिओथेरपीच्या पोरांनी शिकायचं राहिलं आहे का? त्या वेळी मला किंवा वॉर्डनला घाबरून दार लावून बसलात, तर त्याच्या मेंदूतल्या पेशी तुमची वाट बघणार नाहीत. सरळ १०८ ला फोन करायचा, आणि डॉक्टरला काय ओढलं ते खरं सांगायचं.

आता तू काय करायचं ते. आजपासून बंद. ‘हळूहळू कमी करतो’ हे मला सांगू नकोस, ते तुझं स्वतःलाही बऱ्याच वेळा सांगून झालं आहे. पहिल्या आठवड्यात चिडचिड होईल, झोप येणार नाही, जेवण जाणार नाही, विचित्र स्वप्नं पडतील, अंगाला घाम सुटेल. यातलं काही जीवघेणं नसतं. दोनेक आठवड्यांत बहुतेक ओसरतं. तुला सवय लागलेली नाही असं जे तू म्हणतोस, त्याचा निकालही याच आठवड्यात लागेल. एकट्याने जमलं नाही, तर लाजायचं नाही. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मन:स्वास्थ्यासाठी १४४१६ या सरकारी हेल्पलाइन आहेत. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आहे. तिथे तुझ्यापेक्षा कितीतरी खोल रुतलेली माणसं उभी राहिली आहेत. पोलिसांची भीती असेल तर तेही ऐक. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांज्याचं अगदी थोडं प्रमाण जवळ सापडलं तरी एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. पण त्याच कायद्याचं कलम ६४-अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला, थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देतं. कायदासुद्धा तुला परत यायला दार उघडं ठेवतो.

देशात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या पाहणीनुसार वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले सुमारे ३ कोटी १० लाख लोक होते, आणि त्यांतल्या सुमारे ७२ लाखांना मदतीची गरज होती. या संख्येत एक तू जास्त झालास तर पाहणीत फरक पडणार नाही. मला पडतो. घरून शेताच्या तुकड्यावर कर्ज काढून तुझी फी भरली जाते, हे तुझ्या वडिलांनी प्रवेशाच्या दिवशी याच खोलीत मला सांगितलं होतं. त्यांना मी आज फोन केलेला नाही. तू आधी स्वतः सांगावंस म्हणून थांबले आहे. रविवारपर्यंत थांबेन.

उद्या सकाळी साडेआठला विभागात ये. अपुरं जर्नल घेऊन ये, आणि मिडल सेरेब्रल आर्टरीचं ते वाक्य या वेळी पूर्ण करून दाखव. मग दर सोमवारी माझ्यासमोर येऊन खरं काय ते सांगायचं. घसरलास तर तेही सांगायचं, लपवायचं नाही. बाल्टिमोरच्या लोकांना महिना दिला होता, तेवढाच मी तुला देते. त्यांना कोणी ओढून नेलं नव्हतं, ते आपणहून दाखल झाले होते. तूही आपणहून ये.